शाळेच्या ताटाचा फोटो : लॉखगिलपहेडच्या ब्लॉगचं प्रकरण

शाळेत ब्लॉग वापरावा का, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा साधनांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. संगणक किती आहेत, नेट चालतं का, मुलांना मराठी टायपिंग येतं का. या अडचणी खऱ्या आहेत, पण आज ना उद्या सुटणाऱ्या आहेत. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. मुलानं मनापासून, खरं लिहिलं आणि ते अनोळखी माणसांनी खरोखर वाचलं, तर शाळा काय करणार? शाळेच्या वरची कचेरी काय करणार? २०१२ साली स्कॉटलंडमधल्या एका प्राथमिक शाळेत हा प्रश्न असा उघड्यावर आला की संबंधित प्रत्येकाला आपली बाजू जाहीरपणे सांगावी लागली. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर मांडत आहे.

गाव, शाळा आणि मुलगी

लॉखगिलपहेड हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं गाव. अर्गाइल अँड ब्यूट या स्थानिक परिषदेचं मुख्यालय याच गावात आहे. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी शाळांची जबाबदारी तिथे या परिषदेकडे असते आणि शाळेतलं दुपारचं जेवणही तिच्याच अखत्यारीत येतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शाळा आणि तिच्यावरची सत्ता इथे एकमेकांना चालत भेटायला जाण्याइतक्या जवळ होत्या.

मार्था पेन ही या गावातल्या प्राथमिक शाळेत शिकणारी नऊ वर्षांची मुलगी. तिला लिहायची आवड होती, पत्रकारासारखं लिहावं असं वाटायचं. वडील डेव्हिड पेन यांच्या मदतीनं तिनं रोजच्या लेखनाचा सराव म्हणून ब्लॉग सुरू केला. विषय निवडला शाळेतलं जेवण. मे २०१२ च्या सुरुवातीला तिच्या ताटांचे फोटो ‘नेव्हरसेकंड्स’ या ब्लॉगवर दिसू लागले. सेकंड्स म्हणजे ताटात पुन्हा वाढून घेतलेलं. स्वतःचं नाव न देता ती ‘व्हेज’ या टोपणनावानं लिहीत होती.

हा वर्गात दिलेला उपक्रम नव्हता, घरून सुरू झालेला होता. तरी मी त्याला शालेय शिक्षणाचंच प्रकरण मानतो. विषय शाळेचा, निरीक्षण शाळेत केलेलं, फोटो शाळेच्या भोजनगृहात काढलेले. शाळेला हे माहीत होतं आणि शाळेचा त्याला पाठिंबा होता. वडिलांनी पुढे वादाच्या दिवशीसुद्धा जाहीरपणे लिहिलं की शाळा पहिल्यापासून मुलीच्या पाठीशी उभी होती. या एका वाक्यामुळे प्रकरणाचा अर्थच बदलतो. तिकडे येऊच.

लेखन म्हणून ते कसं होतं

सुरुवातीच्या एका फोटोत पिझ्झाचा एक तुकडा, बटाट्याचं एकच क्रोकेट, थोडे मक्याचे दाणे आणि एक कपकेक आहे. क्रोकेट म्हणजे उकडलेल्या बटाट्याचा लांबट तळलेला रोल. फोटोखाली तिनं जे लिहिलं त्याचा आशय असा : मी वाढत्या वयाची आहे, मला अख्खी दुपार लक्ष देऊन बसायचं असतं. एका क्रोकेटवर ते जमत नाही. तुम्हाला जमेल का?

या तीन वाक्यांपाशी थोडं थांबावंसं वाटतं. पहिल्यात स्वतःबद्दलचं एक विधान आहे, दुसऱ्यात त्याला ताटातला पुरावा जोडलेला आहे, तिसऱ्यात वाचणाऱ्याला थेट प्रश्न आहे. तक्रार आहे, पण कुणाला नाव ठेवलेलं नाही. जेवण वाईट आहे असंही ती म्हणत नाही. ते मला पुरत नाही आणि त्याचा परिणाम माझ्या अभ्यासावर होतो, एवढंच म्हणते. मोठ्या माणसांच्या अर्जांतही इतकी नेमकी मांडणी सहसा सापडत नाही.

दुसरं म्हणजे तिची मोजपट्टी. प्रत्येक ताटाला ती ठरलेल्या कसोट्या लावत असे : चवीला दहापैकी किती गुण, एकूण घास किती, पदार्थांचे टप्पे किती, आरोग्याच्या दृष्टीनं दहापैकी किती, किंमत किती आणि जेवणात केस किती सापडले. चवीचे गुण आणि आरोग्याचे गुण तिनं वेगळे ठेवले. चांगलं लागणारं आणि अंगी लागणारं एकच असतं असं नाही, हे समजल्याशिवाय असे दोन रकाने सुचत नाहीत. घास मोजणं तर फारच अचूक. वजनकाटा नसलेल्या मुलानं प्रमाण मोजायचं कसं, याचं उत्तर तिनं स्वतःच शोधलं. एका नोंदीत घासांपुढे आकडा नाही. मोजायला विसरले, पण पुरेसे नव्हते, असं प्रांजळपणे लिहून टाकलं आहे.

आपल्या वर्गातला निबंध याच्या शेजारी ठेवून पाहावा. ‘माझी शाळा’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. निबंध वाचणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे शिक्षक. त्यांना शाळा मुलापेक्षा जास्त माहीत असते, पाऊसही त्यांनी जास्त पाहिलेला असतो. मुलाला हे ठाऊक असतं, म्हणून ते माहिती द्यायला लिहीत नाही, गुण मिळवायला लिहितं. मग मार्गदर्शकातली वाक्यं येतात, कारण त्या एकमेव वाचकाला तीच आवडतात असा मुलांचा अनुभव असतो. मार्थाचा वाचक तैवानमध्ये होता, अमेरिकेत होता. लॉखगिलपहेडच्या ताटात आज काय पडलं, हे त्याला तिच्याशिवाय कुणीच सांगू शकत नव्हतं. लिहिणाऱ्याला काही माहीत आहे, वाचणाऱ्याला ते माहीत नाही आणि त्याला जाणून घ्यायचं आहे. मुलांच्या लेखनाला हा योग शाळेत जवळजवळ कधीच लाभत नाही. ब्लॉगनं तो जुळवून आणला, आणि माझ्या मते ब्लॉगचं शैक्षणिक मोल एवढंच आहे. बाकी रंगीत पान, फोटो, भेट देणाऱ्यांचा आकडा या गौण गोष्टी.

वाचक आले, आणि त्यांच्यासोबत त्यांची ताटंही

काही आठवड्यांतच ब्लॉगला दहा लाखांवर भेटी झाल्या. शाळांतल्या जेवणासाठी इंग्लंडमध्ये मोहीम चालवलेले शेफ जेमी ऑलिव्हर यांनी ट्विटरवरून तिचं कौतुक केलं. बातमीदारांना या गोष्टीचं अप्रूप होतं. शिक्षकाच्या नजरेत भरावी अशी घडामोड मात्र दुसरीच होती. ठिकठिकाणची मुलं आपापल्या शाळेतल्या जेवणाचे फोटो तिला पाठवू लागली. जपान, तैवान, फिनलंड, अमेरिका. ती ते ब्लॉगवर लावू लागली.

इथे तिचं शिकणं आपोआप रुंदावलं. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतलं जेवण सगळ्या मुलांना मोफत आहे. जपानमध्ये अनेक शाळांत मुलंच एकमेकांना वाढतात, वर्गातच बसून जेवतात आणि मग आवरतात. तिच्या ताटाला २ पौंड पडत होते. असे फोटो शेजारी आले की मुलाच्या मनात प्रश्न उभे राहतात : यांना जास्त का मिळतं? पैसे कोण देतं? आमच्याकडे फळ का नाही? भूगोल, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र एका ताटातून सुरू होतात, आणि त्यासाठी कुणाला प्रकल्पवही पुरी करावी लागत नाही.

शाळेतही फरक पडला. कोशिंबीर, फळं आणि पाव हवा तेवढा घेता येईल, असं मुलांना सांगण्यात आलं.

पुढे आणखी एक धागा जोडला गेला. ‘मेरीज मील्स’ ही गरीब देशांतल्या मुलांना शाळेत जेवण देणारी संस्था मूळची याच अर्गाइल भागातली. २००२ मध्ये मलावी देशात २०० मुलांपासून तिनं हे काम सुरू केलं होतं. त्या काळी एका मुलाच्या वर्षभराच्या शाळेतल्या जेवणाला तिला १० पौंड ७० पेन्स पुरत. मार्थानं आपल्या वाचकांना या संस्थेसाठी देणगी देण्याची विनंती केली. मलावीतल्या लिरांग्वे इथल्या प्राथमिक शाळेत स्वयंपाकघर बांधायला ७ हजार पौंड हवे होते, आणि जून उजाडला तेव्हा ते लक्ष्य बरंच दूर होतं. आपल्याला एक क्रोकेट कमी पडतं असं म्हणणारी मुलगी महिना-दीड महिन्यात या ठिकाणी पोचली होती, आणि तिला तिथे कुठल्या धड्यानं नेलं नव्हतं.

१४ जून

त्या दिवशी एका वृत्तपत्रात शेफ निक नेर्न यांच्यासोबतचा तिचा फोटो छापून आला. मथळ्याचा अर्थ होता : शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आता कामावरून काढा. हा मथळा मार्थाचा नव्हता. तिनं असं कधी लिहिलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं.

गणिताचा तास चालू असताना मुख्याध्यापकांनी तिला वर्गाबाहेर बोलावून आपल्या खोलीत नेलं आणि सांगितलं की आजच्या वृत्तपत्रातल्या मथळ्यामुळे तिला यापुढे जेवणाचे फोटो काढता येणार नाहीत. संध्याकाळी तिनं ब्लॉगवर निरोपाची नोंद लिहिली. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मी फक्त माझा ब्लॉग लिहिते, वृत्तपत्रं लिहीत नाही, असं स्पष्ट केलं. तुम्ही पाठवत होता ती ताटं आता पाहायला मिळणार नाहीत आणि मलावीतल्या स्वयंपाकघराचे पैसेही बहुधा पुरे होणार नाहीत, याचं वाईट वाटतं, असं लिहिलं. तिच्या नोंदीखाली वडिलांनी चार ओळी जोडल्या : शाळेनं पहिल्यापासून उत्तम साथ दिली, तिचे आभार, मी परिषदेकडे चौकशी केली तेव्हा बंदीचा निर्णय आपला असल्याचं परिषदेनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेनं निवेदन काढलं. शालेय जेवणावर निराधार हल्ले होत आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांना नोकरीची भीती वाटू लागली आहे, आणि त्या फोटोंत मुलांना मिळणाऱ्या पर्यायांचा अगदी थोडा भाग दिसतो, असा त्याचा सूर होता. तोवर गोष्ट जगभर गेली होती. स्कॉटलंडचे तेव्हाचे शिक्षणमंत्री माइक रसेल यांनी बंदी उठवण्यासाठी परिषदेला पत्र लिहिलं. ते याच भागाचे लोकप्रतिनिधीही होते. दुपारी परिषदेचे नेते रॉडी मॅक्यूश यांनी बीबीसी रेडिओवर बंदी मागे घेतल्याचं जाहीर केलं. परिषदेत अशा मुस्कटदाबीला जागा नाही, असं ते म्हणाले. आपण मत बदललं हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. चोवीस तासांच्या आत सगळा निर्णय फिरला.

लिरांग्वेच्या स्वयंपाकघरासाठीची रक्कम त्याच दिवशी लक्ष्याच्या कितीतरी पुढे गेली आणि काही दिवसांत १ लाख पौंडांवर पोचली. त्याच वर्षी मार्था मलावीला जाऊन ते स्वयंपाकघर पाहून आली. ‘फ्रेंड्स ऑफ नेव्हरसेकंड्स’ असं नाव त्याला दिलेलं होतं.

चुकलं कुठे

या प्रकरणाकडे ‘चिमुरडीनं सत्तेला नमवलं’ अशा नजरेनं पाहणं सोपं आहे, तेव्हा पाहिलंही गेलं. शिक्षक म्हणून तेवढ्यानं आपलं भागत नाही.

आधी स्वयंपाकघरातल्या बायकांकडे पाहू. परिषदेनं त्यांची ढाल केली असेल, पण त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. कमी पगाराचं काम, ठरवून दिलेले पदार्थ, ठरवून दिलेलं माप. एक क्रोकेट वाढायचं हा निर्णय वाढणारीचा कधीच नसतो. पण बातमी होते तेव्हा बोट तिच्याकडेच वळतं, कारण मुलांना आणि फोटोला दिसते ती तीच. मार्थाच्या लेखनात या बायकांवर राग दिसत नाही, पण त्यांचा आवाजही ठळकपणे येत नाही. इथे एखाद्या शिक्षकाची खरी गरज होती. त्यानं म्हटलं असतं : तू ताटाची बाजू छान मांडलीस, आता स्वयंपाकघरात जा, तिथल्या मावशींना विचार की किती मुलांचं करता, किती वाजता येता, पदार्थ कोण ठरवतं, २ पौंडांतले प्रत्यक्ष जिनसांना किती मिळतात. पुढची नोंद त्यावर लिही. मग तो मथळा छापायला कुणी धजलं असतं का, कोण जाणे, पण त्याला उत्तर द्यायला ब्लॉगवरचं एक पान तयार असतं.

परिषदेला आपल्या शाळांत याहून जास्त पर्याय असतात असं ठामपणे वाटत होतं. तसं असेल तर ते दाखवण्याचं साधन समोरच होतं. त्याच ब्लॉगवर प्रतिक्रिया लिहिता आली असती, मुलीला बोलावून पूर्ण यादी दाखवता आली असती. तिनं ती नक्की लिहिली असती. तोवरच्या तिच्या नोंदी पाहता मला याची खात्री वाटते, कारण चांगल्या ताटाला ती चांगले गुण देतच होती. परिषदेनं वृत्तपत्रावरचा राग फोटोवर काढला. मथळा एका प्रौढ माणसानं लिहिला आणि कॅमेरा काढून घेतला गेला लहान मुलीचा.

मुख्याध्यापकांची अवस्था मला सर्वात जवळची वाटते. उपक्रमाला पाठिंबा देणारी शाळा आणि गणिताच्या तासाला मुलीला बाहेर बोलावणारी शाळा एकच. वरून आलेला निरोप पोचवण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. तो निरोप मुलीला एकटीला, तासाच्या मध्येच, पालकांना आधी न कळवता दिला गेला, हे मात्र टाळता आलं असतं. दुपारी वडिलांना बोलावून हेच सांगितलं असतं तर निर्णय तितकाच चुकीचा राहिला असता, पण नऊ वर्षांच्या मुलीला तो एकटीनं झेलावा लागला नसता.

हे नवं नाही

ब्लॉग नवा असेल, पण मुलांचं लिखाण शाळेच्या भिंतीबाहेर गेलं की काय होतं, हे शिक्षणाच्या इतिहासाला आधीपासून माहीत आहे. फ्रान्समधले प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये बार-सुर-लू या खेड्यातल्या आपल्या वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःचे अनुभव लिहीत, त्यांतला एक मजकूर सगळे मिळून निवडत, खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला पाठवत. तिथून मुलांचं छापील उत्तर येई. आजच्या वर्ग-ब्लॉगांची ही थेट पूर्वपीठिका आहे. पुढे १९३२ च्या अखेरीस, फ्रेने सँ-पॉल गावी शिकवत असताना, मुलांनी छापलेल्या एका स्वप्नाच्या मजकुरावरून गावात त्यांच्याविरुद्ध भित्तिपत्रकं लागली. त्या स्वप्नात महापौर मारला जातो असा प्रसंग होता. वर्षभरात फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. मुलाच्या स्वप्नाला मोठ्यांनी राजकारण म्हणून वाचलं.

आपल्याकडे अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित काढत. रोज नवा मजकूर, आणि त्याची वाट पाहणारे समोरचेच वाचक. शाळाशाळांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं हीसुद्धा आपल्याच घरची परंपरा. आज भित्तिपत्रक बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तयार होतं, याचं मनापासून वाईट वाटतं. वाचक नसलेलं भित्तिपत्रक आणि वाचक नसलेला ब्लॉग यांत काहीही फरक नाही. शाळांचे बहुतेक ब्लॉग याच कारणानं बंद पडतात : पहिल्या महिन्यात वीस नोंदी, दुसऱ्यात दोन, मग शांतता. इंग्लंडमधल्या बोल्टन गावच्या हीथफील्ड प्राथमिक शाळेतले शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी यावर साधी युक्ती काढली. चार शाळांचा गट करायचा. दर आठवड्याला एका वर्गाचा ब्लॉग उरलेल्या तीन वर्गांनी वाचायचा आणि मुलांनी त्यावर लिहायचं. चार आठवड्यांत फेरी पूर्ण. प्रत्येक मुलाला वाचक मिळणार हे आधीच ठरलेलं. आपल्या केंद्रातल्या चार शाळांना हे उद्यापासून जमण्यासारखं आहे, नेट नसेल तर वह्यांची अदलाबदल करूनसुद्धा.

आपल्याकडे हेच घडलं असतं तर

ही कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेतली मुलं पोळीसोबत नुसतं मीठ खात असल्याचा व्हिडिओ पत्रकार पवन जायसवाल यांनी काढला. गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला. पुढे तपासात त्यांना क्लीन चिट मिळाली. तिथे निदान एक प्रौढ पत्रकार होता, त्याच्यामागे पत्रकारांच्या संघटना उभ्या राहिल्या. तोच व्हिडिओ पाचवीतल्या मुलीनं काढला असता तर?

महाराष्ट्रातल्या शाळांत पोषण आहार वाढण्यापूर्वी शिक्षकानं आणि शक्य तिथे पालकानं चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. अनेक ठिकाणी त्या वहीत रोज एकच शब्द दिसतो, ‘उत्तम’, हेही शिक्षकांना माहीत आहे. रोज तेच जेवण जेवणाऱ्या मुलाला मात्र त्या वहीत रकाना नाही.

अशा परिस्थितीत जेवणाबद्दलचा मजकूर थेट ब्लॉगवर टाका, असा सल्ला मी जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला देणार नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताई बहुतेक वेळा गावातल्याच, एखाद्या बचत गटाच्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या असतात. तांदूळ वरून येतो, तेल-डाळीचं प्रमाण वरून ठरतं आणि फोटो व्हायरल झाला की कारवाई होते ती ताईंवर, नाहीतर मुख्याध्यापकांवर. मुलीला दोष येणार नाही याचीही खात्री नाही.

म्हणून विषयाची निवड हा शिक्षकाचा सर्वात मोठा निर्णय ठरतो. मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असलेले विषय जेवणापुरते नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली मुलगी तळावरच्या दिवसाबद्दल लिहू शकते. शाळेच्या वाटेवरचा ओढा कुठल्या महिन्यात किती भरतो, याची नोंद रोज तो ओलांडणाऱ्या मुलाइतकी कुणाकडेच नाही. आजीची बोली, बाजारातले भाव, गावातल्या हातपंपांची अवस्था. मार्थाची पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते : एक विषय, रोजची लहान नोंद, स्वतः ठरवलेल्या चार-पाच कसोट्या, एक फोटो किंवा चित्र आणि शेवटी वाचणाऱ्याला खरा प्रश्न. फोटो असल्यामुळे वर्णनाचा भार हलका होतो आणि मुलाचे शब्द विचाराकडे वळतात. तिच्या छोट्या नोंदींचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. मुलाचं खरं नाव, चेहरा, गणवेशावरचं शाळेचं नाव यांतलं काहीही दिसू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. ती लेखी घ्यावी आणि घेताना ब्लॉग पालकांना प्रत्यक्ष दाखवावा. प्रतिक्रिया मोठ्या माणसानं आधी वाचल्याशिवाय मुलापर्यंत जाऊ नयेत. टोपणनावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. लॉखगिलपहेडमध्ये ते काही आठवडेच टिकलं. लहान गावात ‘व्हेज’ कोण, हे शोधायला पत्रकार लागतोच असं नाही.

शाळांकडून सहसा राहून जाते ती तयारी वेगळीच असते. ब्लॉग सुरू करण्याआधी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि केंद्रप्रमुख यांनी एका बैठकीत ठरवून घ्यावं की एखाद्या नोंदीबद्दल तक्रार आली तर ती कुणाकडे जाईल, त्या काळात मुलाशी कोण बोलेल आणि पालकांच्या गैरहजेरीत त्याला कुणीही एकट्याला बोलावणार नाही. नोंदीत माहितीची चूक असेल तर ती त्याच पानावर, मुलाच्या हातून दुरुस्त व्हावी. चूक नसेल, नुसती कुणाची अडचण झाली असेल, तर ज्याची अडचण झाली त्यानं त्याच पानावर उत्तर लिहावं. हे ठराव म्हणून समितीच्या इतिवृत्तात नोंदवलेलं असेल, तर वरून फोन आला तेव्हा मुख्याध्यापकांच्या हातात दाखवायला काहीतरी कागद असतो. लॉखगिलपहेडच्या मुख्याध्यापकांकडे त्या सकाळी असा कागद असता तर परिषदेला निदान एक दिवस थांबून विचार करावा लागला असता.

आणि जेवणाचा विषय सोडूनच द्यायचा का? माझं मत आहे की सोडू नये, पण सुरुवात शाळेच्या आतून करावी. चव नोंदवहीत मुलांसाठी एक रकाना आखायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. रोज वेगळ्या वर्गातली दोन मुलं चव, प्रमाण आणि पुन्हा मागितलं तर मिळालं का, एवढ्या तीन गोष्टी लिहितील. महिन्याअखेरीस त्या नोंदी शाळा व्यवस्थापन समितीसमोर मुलांनीच वाचायच्या आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्या बैठकीला सन्मानानं बोलावून त्यांचं म्हणणंही त्याच वहीत उतरवायचं. सत्रभर हे नीट चाललं, मोठ्यांना ऐकायची आणि मुलांना नेमकं लिहायची सवय लागली, की त्यातल्या कुठल्या नोंदी गावाबाहेरच्या वाचकांसमोर ठेवायच्या, हे ती बैठकच ठरवेल.